आहारतज्ज्ञांचा ऑनलाइन गोतावळा: वाचकांचे प्रश्न

लहान शहरातल्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ बहुधा एकच असते. डॉक्टरांना शंका आली तर शेजारच्या ओपीडीत दुसरे डॉक्टर असतात. आहारतज्ज्ञाने विचारायचे कुणाला? या महिन्यातल्या बऱ्याच पत्रांचा सूर हाच होता, म्हणून या वेळचे सगळे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न: मी डायलिसिस युनिटमध्ये काम करते. आहारतज्ज्ञांच्या पाच व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. दिवसभर 'सुप्रभात', वेबिनारची पोस्टर आणि फॉरवर्ड येत असतात. मी केस टाकली की मात्र कुणी बोलत नाही. 'सीकेडी पेशंटसाठी उपवासाचा डाएट चार्ट असेल तर पाठवा' असे दोनदा विचारले (सीकेडी म्हणजे मूत्रपिंडाचा जुनाट आजार). एकीने कुठलीशी पीडीएफ टाकली, बाकी शांतता. काय चुकते आहे?
– वाचक, सोलापूर

तुमचा प्रश्न वाचून अनुभवी आहारतज्ज्ञही गप्प बसेल. तिला उत्तर येत नाही म्हणून नव्हे, तर त्या प्रश्नाला उत्तरच नाही म्हणून. सीकेडी तिसऱ्या टप्प्यातला की डायलिसिसवरचा? पहिल्यात प्रथिने आवरायची असतात, दुसऱ्यात वाढवायची. पोटॅशियम किती, लघवी होते की नाही, मधुमेह आहे का? यातले काहीच ठाऊक नसताना चार्ट पाठवणे धोक्याचे आहे, आणि जाणकार माणूस तो पाठवत नाही. जो पाठवतो त्याचा चार्ट वापरू नये.

हाच प्रश्न असा लिहून पाहा:

'पुरुष, वय पन्नाशीच्या पुढे, दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा हिमोडायलिसिस. मधुमेह नाही. ड्राय वेट ५८ किलो, दोन डायलिसिसमध्ये वजन साडेतीन किलो वाढते. डायलिसिसआधी पोटॅशियम ५.७, फॉस्फरस ६.४, अल्ब्युमिन ३.२. लघवी दिवसाला २०० मिलीच्या आसपास. शाकाहारी. श्रावणातले सोमवार आणि शनिवार सोडायला तयार नाहीत. त्या दिवशी दाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, रताळे, ताक. फॉस्फेट बाइंडर एरवी जेवणाबरोबर घेतात, उपवासाला विसरतात. मी रताळे बंद केले, कूट दोन चमच्यांवर आणले. आता त्या दिवशीची प्रथिने फारच खाली जातात. उपवासाला चालेल, पोटॅशियम फार वाढणार नाही आणि प्रथिने मिळतील असे काय देऊ, किती देऊ?'

(ड्राय वेट म्हणजे डायलिसिसने साचलेले पाणी काढल्यावरचे वजन; अल्ब्युमिन हे रक्तातले एक प्रथिन; फॉस्फेट बाइंडर म्हणजे अन्नातले फॉस्फरस आतड्यातच बांधून ठेवणारे औषध.) वाचायला मिनिटभरही लागत नाही. रीनलमध्ये, म्हणजे मूत्रपिंडाच्या विभागात, काम केलेल्या कुणालाही यावर दोन ओळी लिहाव्याशा वाटतील: घरी केलेले पनीर ५० ग्रॅम द्या, साधारण ९ ग्रॅम प्रथिने मिळतील, फॉस्फरस त्यातही आहे, म्हणून बाइंडर त्याच घासाबरोबर, ताक द्रवाच्या हिशेबात धरा. दुसरी कुणी विचारेल की खिचडीत मीठ साधे की सैंधव. तिसरी विचारेल की 'लो सोडियम' मीठ तर घरात नाही ना, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असते. संवाद असा सुरू होतो.

वरच्या मजकुरात मी काय करून पाहिले आणि कुठे अडले, ही दोन वाक्ये सर्वांत मोलाची आहेत. ती नसतील तर प्रश्न काम दुसऱ्यावर ढकलल्यासारखा दिसतो. आणि उत्तर मिळाले की पंधरा दिवसांनी पुढचे रिपोर्ट त्याच धाग्याला रिप्लाय देऊन टाका: 'पनीर सुरू केले, फॉस्फरस ५.८ वर आला, अल्ब्युमिन आहे तिथेच.' हे जवळजवळ कुणी करत नाही, आणि जी करते तिचा पुढचा प्रश्न कुणी सोडत नाही.

एक गोष्ट मात्र ठाम लक्षात ठेवा. पोटॅशियम ६ च्या वर दिसले, तर आधी नेफ्रॉलॉजिस्टना (मूत्रपिंडतज्ज्ञांना) फोन. ग्रुप ही तातडीची जागा नाही.

पाच मोठ्या ग्रुपपेक्षा आपल्याच कामाचा एक लहान ग्रुप बरा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १,०२४ माणसे मावतात, पण केसची चर्चा वीस-पंचवीस जणींत होते. त्यापुढे माणसे लिहायला बिचकतात, कारण वाचणारे कोण आहेत हेच कळत नाही. दोन ॲडमिन असाव्यात, नवीन सदस्य ॲडमिनच्या मंजुरीशिवाय येऊ नये ही सेटिंग चालू असावी, आणि 'केसचा प्रश्न कसा लिहायचा' हा एक मेसेज पिन केलेला असावा. पिनची मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते, ती संपली की पुन्हा करावा लागतो. पोस्टर आणि जाहिरातींसाठी वेगळा ग्रुप काढा. एकाच ठिकाणी दोन्ही ठेवले की पोस्टर केसला गिळते.

प्रश्न: केस विचारताना लॅब रिपोर्टचा फोटो टाकला तर चालतो का? नावावर मी काळी रेघ मारते.
– वाचक, पुणे

रेघेवर विसंबू नका. मोबाइलमधल्या हायलायटरची काळी रेघ पुष्कळदा पूर्ण अपारदर्शक नसते. फोटोचा उजेड वाढवला की खालचे नाव पुसटसे उमटते. नावाचा भाग झाकण्यापेक्षा कापूनच टाका.

नाव गेले तरी काम संपत नाही. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर कोपऱ्यात क्यूआर कोड किंवा बारकोड असतो. क्यूआर कोड स्कॅन केला की काही लॅबचा मूळ रिपोर्ट नावानिशी उघडतो. तोही कापा. पीडीएफ पाठवत असाल तर फाइलचे नाव बघा, लॅबने तिथे पेशंटचेच नाव घातलेले असते. रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, रेफर करणाऱ्या डॉक्टरांचे नाव, गाव, तारीख या चारही गोष्टी जुळवल्या तर लहान गावात माणूस ओळखू येतो. 'अमुक गावच्या सरपंचांच्या सूनबाई' असे लिहिणे म्हणजे नाव लिहिण्यासारखेच.

आमचे मत विचाराल तर फोटो टाकूच नका, लागणारे सात-आठ आकडे टाइप करा. त्याचा आणखी एक फायदा आहे: टाइप करताना आपल्याच लक्षात येते की फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासलेलेच नाही.

फोटो तुम्हाला आला तरी काळजी घ्यायची आहे. व्हॉट्सॲपवर आलेली चित्रे आपोआप गॅलरीत जातात, गॅलरीतून क्लाउडवर, आणि घरात फोन मुलांच्या हातात असतो. त्या ग्रुपच्या माहितीत जाऊन 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा. चॅटचा बॅकअप घेत असाल तर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन वेगळे चालू करावे लागते. आणि पेशंटला आधी विचारा: 'तुमचे नाव न सांगता दुसऱ्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला तर चालेल ना?' बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. तो होकार केसपेपरवर लिहून ठेवा. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ साली झाला आहे आणि त्याचा पाया संमती हाच आहे.

प्रश्न: ज्वारीच्या कॅलरीवरून आमच्या ग्रुपवर दोघींची चांगलीच जुंपली. एक म्हणते ३४९, दुसरी ३३४, तिसरीने तर १,३९८ लिहिले. बरोबर कोण?
– वाचक, छत्रपती संभाजीनगर

तिघीही बरोबर, फक्त कुणीच आपले पुस्तक सांगितले नाही. १०० ग्रॅम ज्वारीला ३४९ किलोकॅलरी हा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यातला आकडा, डॉ. गोपालन आणि सहकाऱ्यांच्या काळातला. त्याच संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ५२८ खाद्यपदार्थ नव्याने तपासून दिले आहेत, आणि त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. तिथला १,३९८ हा आकडा ४.१८४ ने भागला की ३३४ येतात. नवशिक्या मुली हाच भागाकार विसरतात, आणि मग कुणाच्या तरी डाएट चार्टमध्ये एका भाकरीची ऊर्जा चौपट होते.

ग्रुपवर कुठलाही आकडा लिहिताना तीन गोष्टी जोडा: तक्ता कोणत्या वर्षाचा, कच्च्या पदार्थाचा की शिजलेल्या, आणि एकक कोणते. २०१७ च्या तक्त्यातले आकडे बहुतांश कच्च्या पदार्थाचे, खाण्यायोग्य भागाच्या १०० ग्रॅमला आहेत. शरीराच्या रोजच्या गरजेचे आकडे देतानाही तेच. त्याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत हिशेबासाठीचा संदर्भ पुरुष ६५ किलोचा आणि स्त्री ५५ किलोची धरली आहे. जुन्या शिफारशींत पुरुष ६० किलोचा होता. ग्रुपवरची निम्मी भांडणे अशी दोन आवृत्त्यांमधली असतात.

प्रश्न: एम.एस्सी. पूर्ण झाले, इंटर्नशिप सुरू आहे. लिंक्डइनवर प्रोफाइल केले, तीनशे जणांना कनेक्शन पाठवले. स्वीकारतात, पण पुढे काहीच होत नाही. आणि नावापुढे काय लिहावे?
– वाचक, मुंबई

नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची जागा असते. तिथे 'आरोग्यप्रेमी, स्वप्नाळू, आजन्म विद्यार्थी' असे लिहिले की शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. रुग्णालयाची एचआर किंवा वरिष्ठ आहारतज्ज्ञ शोधताना 'क्लिनिकल डाएटिशियन, पीडियाट्रिक, मुंबई' असेच शब्द टाकते. तेच शब्द ओळीत असू द्या. इंटर्न असाल तर इंटर्न लिहा. 'आरडी' (रजिस्टर्ड डाएटिशियन) ही अक्षरे इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणी झाल्यावरच नावापुढे लावायची. 'आरडी करते आहे' म्हणून आधीच लावलेली अक्षरे मुलाखतीत उघडी पडतात. आणि सहा आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सवरून 'डॉ.' लावू नका, हे सांगावे लागू नये, पण लागते. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांचा समावेश आहे, तेव्हा पदवी, विद्यापीठ आणि वर्ष प्रोफाइलवर स्वच्छ लिहिलेले असणे तुमच्याच हिताचे आहे.

तीनशे कोरी कनेक्शन पाठवण्यापेक्षा दहा चिठ्ठ्या लिहून पाठवा. मोफत खात्यावर महिन्याला मोजक्याच चिठ्ठ्या जोडता येतात आणि एका चिठ्ठीला २०० अक्षरे मिळतात. मराठीत लिहीत असाल तर काना-मात्रा-वेलांटी सुटी मोजली जाते: 'पोषण' आपल्याला तीन अक्षरी वाटते, मोजणीत ते चार होते. त्यामुळे थोडक्यात लिहा. उदाहरणार्थ:

'नमस्कार. मी सोलापूरला डायलिसिस युनिटमध्ये आहारतज्ज्ञ आहे. उपवासाच्या पदार्थांतील पोटॅशियमवर तुमचे टिपण वाचले. वरईच्या प्रमाणाबद्दल एक प्रश्न विचारू का?'

ही चिठ्ठी दीडशेच्या आसपास भरते. त्यात आपण कोण, त्यांचे काय वाचले आणि काय हवे, हे तिन्ही आहे. 'नोकरी असेल तर कळवा' पहिल्याच चिठ्ठीत लिहू नका. आधी शिकण्यासारखे विचारा. नोकरीची जागा निघाली की तीच व्यक्ती तुमचे नाव सुचवते. असोसिएशनच्या शाखेच्या कार्यक्रमाला जाऊन आलात तर त्याच रात्री, चेहरे आठवत असताना, भेटलेल्या चार-पाच जणींना चिठ्ठी पाठवा. आठवड्याने पाठवली की त्यांनाही आठवत नाही.

प्रश्न: लहान मुलांच्या पोषणावर मोफत वेबिनार आहे, सर्टिफिकेट आणि भेटवस्तूही मिळणार आहे. प्रायोजक बेबी फूड बनवणारी कंपनी आहे. आमच्या ग्रुपवर पोस्टर टाकायला सांगितले आहे. टाकू का?
– वाचक, नाशिक

टाकू नका, आणि वेबिनारलाही बसू नका. शिशुदुग्धपर्याय, दूधबाटल्या आणि शिशुआहार यांबाबतचा १९९२ चा कायदा २००३ मध्ये आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचे दूधपर्याय किंवा आहार बनवणाऱ्यांनी आरोग्यसेवकाला भेटवस्तू वा आर्थिक लाभ देण्याला त्यात मनाई आहे. आरोग्यसेवकांच्या संघटनेला परिसंवाद, बैठक, परिषद, अभ्यासक्रम, फेलोशिप किंवा संशोधनासाठी पैसे देण्यालाही मनाई आहे. गरोदर स्त्रिया, माता आणि बाळे यांच्या आरोग्यसेवेत असणारी व्यक्ती या कायद्याने आरोग्यसेवक ठरते. हे ऑनलाइन झाले म्हणून वेगळे होत नाही. आपल्या पाचशे जणींच्या ग्रुपवर ते पोस्टर गेले की कंपनीला पाचशे माता-बाल आहारतज्ज्ञ फुकटात मिळतात, आणि त्यामागे ओढल्या जातात त्यांच्या ओपीडीतल्या आया.

प्रायोजक कोण हे पोस्टरवर कधी कधी बारीक अक्षरात असते, कधी एखाद्या 'अकादमी'च्या नावाआड असते. नोंदणीचा फॉर्म उघडून तळाशी कुणाची प्रायव्हसी पॉलिसी जोडली आहे ते पाहा. माहिती कुणाकडे जाते ते तिथे उमगते.

प्रौढांच्या प्रोटीन पावडरसारख्या उत्पादनांना हा कायदा लागू नाही. तिथे निदान एवढे पाळा: पैसे किंवा माल मिळाला असेल तर पोस्टमध्ये पहिल्याच ओळीत सांगा. ग्राहक व्यवहार विभागाच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनांनुसार आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांनी आपली पात्रताही सांगायची आहे.

प्रश्न: मी नंदुरबार जिल्ह्यात पर्यवेक्षिका आहे. सॅम-मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषित) बालकांबद्दल शंका आल्या की विचारायला कुणी नसते, आणि पाड्यावर नेट फक्त टेकडीवर मिळते. एका बाळाचा दंडघेर ११.८ भरतो पण वजन-उंचीने ते सॅममध्ये येते. काय धरायचे?
– वाचक, नंदुरबार

ताई, आधी बाळाचे. दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, वजन-उंची उणे ३ एसडीच्या खाली (उंचीच्या मानाने वजन तक्त्यातल्या मध्यापेक्षा तीन प्रमाण विचलनांहून कमी), किंवा दोन्ही पायांवर सूज, यातले एक जरी असले तरी सॅम. म्हणजे दंडघेर ११.८ असला तरी हे बाळ सॅमच धरायचे. दोन मापे नेहमी जुळत नाहीत, त्यात तुमची चूक नाही.

पण धरण्याआधी मोजणी पुन्हा करा. २४ महिन्यांच्या आतल्या बाळाची लांबी झोपवून मोजायची. ते उभे राहूनच मोजले गेले असेल तर ०.७ सेंमी मिळवायचे. उलट दोन वर्षांवरच्या मुलाला झोपवून मोजले असेल तर ०.७ वजा करायचे. सीमेवरचे बाळ एवढ्या फरकाने रेषेच्या अलीकडे-पलीकडे जाते. वजन घेताना स्वेटर, कडे, करगोटा उतरवा. सूज पाहताना दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का बघा. सूज, खाण्याची इच्छा नसणे किंवा सुस्ती दिसली तर कुणाला विचारत बसू नका, त्याच दिवशी पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवा.

आता विचारण्याचे. फोटो आणि व्हॉइस मेसेज टेकडीवरून जात नाहीत. साधा मजकूर जातो. घरीच, नेट नसताना, एका ओळीत लिहून ठेवा: 'मुलगा, १९ महिने, ७.४ किलो, लांबी झोपवून ७७.०, दंडघेर ११.८, सूज नाही, भूक आहे, ताप नाही, अंगावर पितो.' व्हॉट्सॲपवर 'पाठवा'चे बटण आधीच एकदा दाबले असेल तर रेंज आली की मेसेज आपोआप जातो. तालुक्यातल्या आठ-दहा पर्यवेक्षिका, आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि पुनर्वसन केंद्रातल्या आहारतज्ज्ञ एवढ्यांचाच ग्रुप करा, आणि प्रत्येक मेसेज याच क्रमाने लिहायचा असे ठरवा. क्रम सारखा असला की वाचणाऱ्याला काय राहिले ते लगेच दिसते.

इंग्रजी वाचणारे कुणी सोबत असेल तर इमर्जन्सी न्यूट्रिशन नेटवर्क या संस्थेचे एन-नेट पाहा. जगभर कुपोषणावर प्रत्यक्ष काम करणारे लोक तिथे एकमेकांना प्रश्न विचारतात. दंडघेर आणि वजन-उंची का जुळत नाहीत, हा तिथलाही जुना आणि पुष्कळ चर्चिलेला विषय आहे. विचारण्याआधी जुनी उत्तरे शोधा.

प्रश्न: परदेशातल्या पोषण परिषदेत भाषणाचे आमंत्रण ईमेलने आले. ६०० डॉलर फी भरायची आहे. खरे असेल का?
– वाचक, कोल्हापूर

बहुधा नाही. गोषवारा एका दिवसात स्वीकारला, एकाच परिषदेत पोषण, नर्सिंग आणि कर्करोग सगळे आहे, आणि वक्त्याकडूनच फी मागितली, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली की पैसे भरू नका. खात्री करायची तर आयोजन समितीतल्या एखाद्या प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर विचारा. आपले नाव त्या यादीत आहे हे पुष्कळदा त्यांनाच माहीत नसते.

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे मराठी आणि गुजराती मधुमेही येतात. महाराष्ट्रातल्या सहकाऱ्यांशी नियमित बोलायचे आहे, पण वेळ जुळत नाही. आणि तिकडचे पेशंट मी ऑनलाइन पाहू शकते का?
– वाचक, लेस्टर

पेशंटचे आधी: तुमची नोंदणी आणि व्यावसायिक विमा इंग्लंडमधल्या कामासाठी आहे. दोन्हीकडच्या आहारतज्ज्ञांनी एकमेकींना सल्ला द्यावा. पेशंटची जबाबदारी ज्याच्या त्याच्या देशातल्या आहारतज्ज्ञाकडेच असू द्या.

वेळेसाठी महिन्यातला एक शनिवार बांधून घ्या, तुमचे दुपारचे दोन. उन्हाळ्यात इकडे साडेसहा वाजतात, हिवाळ्यात साडेसात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळे बदलतात आणि आमची नाही, त्या महिन्यांत निरोप आधी पाठवा. कॅलेंडरचे आमंत्रण पाठवले तर हा घोळच होत नाही.

पहिल्या बैठकीला विषय एकच ठेवा: भाकरी. 'दोन भाकऱ्या' हे माप नाही. एकीची भाकरी ३० ग्रॅम पिठाची असते, दुसरीची ७०. इकडच्या दोघी-तिघींनी आपापल्या घरातली भाकरी आणि आमटीची वाटी वजनकाट्यावर ठेवून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. वाटीत किती मिली मावते ते पाणी भरून मोजावे. तुम्ही तिकडच्या दुकानातल्या चपातीच्या पाकिटावरचे वजन आणि कर्बोदके टिपून आणा. दोन्ही एका सामायिक तक्त्यात भरा: पदार्थ, कच्चे वजन, शिजलेले वजन, कर्बोदके, कुणी मोजले. इन्सुलिन घेणाऱ्या पेशंटची कर्बोदके मोजताना तुम्हाला तो तक्ता रोज लागेल.